कन्सोलचं वाय-फाय तुटतंय : आधी कुठे तुटतंय ते शोधा

खटपट्या (धागाकर्ता)

मोबाइलवर स्पीड टेस्ट ९० एमबीपीएस दाखवते आणि त्याच खोलीतला पीएस५ ऑनलाइन सामन्यातून दर दहा मिनिटांनी बाहेर पडतो. या तक्रारीचे धागे इथे बरेच आहेत आणि प्रत्येकात पहिला सल्ला ‘राउटर बंद करून चालू करा’ हाच. त्याने कधीकधी काम होतं, पण कशामुळे झालं ते कळत नाही, म्हणून चार दिवसांनी दुखणं परत.

कन्सोल ते राउटर हा एक रस्ता आणि राउटर ते गेमचा सर्व्हर हा दुसरा. पहिल्यात खड्डा असेल तर प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएस करून पैसे तेवढे जातात. ऑनलाइन सामन्याला वेग फार लागतच नाही, बरेचसे खेळ १ एमबीपीएसच्या आत भागवतात. पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) वेळेवर आणि न गळता पोचणं महत्त्वाचं, आणि स्पीड टेस्ट नेमकं तेच दाखवत नाही.

चाचणी अशी करा. मोबाइलवर पिंगचं (छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारं) कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, मोबाइल कन्सोलला चिकटवून ठेवा (सोफ्यावर नाही, टीव्ही युनिटच्या आत, कन्सोल असतो तिथेच) आणि राउटरला १०० पिंग मारा. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग तेवढेच १०० पिंग ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे घराबाहेरचा).

राउटरचे पिंग २ ते ८ मिलिसेकंदांत आणि एकही गहाळ नाही, पण ८.८.८.८ चे उड्या मारतायत, तर दोष बाहेरच्या रस्त्यात. राउटरचेच पिंग ५, ४, १८०, ६, गहाळ, ३१० असे येत असतील तर दोष घरात आहे, कंपनीच्या माणसाला बोलावून उपयोग नाही.

एक्सबॉक्सवाल्यांचं सोपं आहे. नेटवर्क सेटिंग्जमधल्या सविस्तर आकडेवारीत पॅकेट किती गळतात ते टक्क्यांत दिसतं. पीएस५ वेग आणि नॅट टाइप (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना दार किती मोकळं: १ सगळ्यात मोकळं, ३ सगळ्यात बंद) सांगून गप्प बसतो.

लॅनलॉर्ड

धागा उत्तम, पण चाचणीत एक मेख आहे. मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फायचा रेडिओ मधेमधे झोपवतो. सेकंदाला एक पिंग मारला तर प्रत्येक वेळी रेडिओ झोपेतून उठतो आणि चांगल्या वाय-फायवरही ४०, ९०, १२० असे आकडे येतात. शिवाय लोकेशन चालू असेल तर मोबाइल अधूनमधून आजूबाजूची सगळी चॅनेल चाळतो, तेव्हा ३००-४०० ची एखादी उडी येतेच. हे आकडे पाहून लोक चांगला राउटर बदलतात.

म्हणून शक्यतो लॅपटॉप, चार्जर लावलेला. विंडोजवर: पिंग -एन १०० १९२.१६८.१.१ (अक्षरं आणि आकडे अर्थात इंग्रजीत टाकायचे). मोबाइलच वापरायचा असेल तर अ‍ॅपमध्ये दोन पिंगांमधलं अंतर ०.२ सेकंद ठेवा, रेडिओला झोपायला वेळच मिळत नाही.

खटपट्या

बरोबर, हे राहिलं होतं. वरच्या चाचणीत ‘लॅपटॉप’ असं वाचावं.

सांजदिवा

पीएस४ आहे, २०१४ साली घेतलेला. नव्या राउटरची दोन नावं येतात, एक साधं आणि एकापुढे ‘५जी’. मोबाइलला दोन्ही दिसतात, पीएस४ ला फक्त साधं. कन्सोल बिघडला का?

लॅनलॉर्ड

बिघडलेला नाही, सांजदिवा. २०१३ चा मूळ पीएस४ ८०२.११ बी, जी, एन एवढ्या जुन्या वाय-फाय पिढ्याच जाणतो आणि तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर. ५ गिगाहर्ट्झ त्याच्या रेडिओतच नाही. २०१६ चे स्लिम आणि प्रो दोन्ही पट्टे आणि ‘एसी’ (म्हणजे वाय-फाय ५) घेतात. बाकीच्यांसाठीही लिहून ठेवतो:

पीएस५ वाय-फाय ६. २०२४ चा पीएस५ प्रो वाय-फाय ७ चा, आणि त्यात लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नसल्यामुळेच तो आला तेव्हा भारतात विकायला ठेवला नाही. एक्सबॉक्स सीरीज एक्स आणि एस दोन्ही वाय-फाय ५. निन्टेंडो स्विच वाय-फाय ५, स्विच २ वाय-फाय ६.

राउटरवरचं ‘५जी’ आणि मोबाइल टॉवरचं ५जी यांचा काडीचा संबंध नाही. राउटरवरचा जी म्हणजे गिगाहर्ट्झ.

सांजदिवा

मग आता २.४ वरच राहायचं तर काय करू? संध्याकाळी आठनंतर खेळणं अशक्य होतं.

चिंचोका

आठनंतर म्हणजे सोसायटीतले सगळे राउटर एकदम बोलायला लागले. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप घेऊन संध्याकाळी आठलाच बघा (दुपारी बघून काही कळणार नाही), तिघांपैकी कमी गर्दीचं निवडा आणि राउटरमध्ये ‘ऑटो’ काढून तेच पक्कं करा. ३ किंवा ८ रिकामं दिसतं म्हणून तिथे जाऊ नका, दोन्हीकडच्या गोंगाटात सापडाल.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. अनेक राउटरांवर ती ४० ठेवलेली असते. ४० म्हणजे २.४ चा जवळजवळ अर्धा पट्टा आपण अडवला आणि शेजाऱ्यांचा सगळा गोंगाट आपल्या अंगावर घेतला. वेग कागदावर कमी दिसेल, पिंग सुधारेल.

आणि अ‍ॅप उघडलंच आहे तर कन्सोलच्या जागी सिग्नल किती ते बघा. आकडा उणे असतो. उणे ५० ते ६० छान, उणे ६७ पर्यंत खेळता येतं, उणे ७५ च्या खाली गेलं तर कुठलंही सेटिंग बदलून काही होणार नाही, जागाच बदलावी लागेल.

बाभूळबन

जागेवरून आठवलं. फायबर जिथून घरात शिरतं तिथेच, म्हणजे दारामागच्या चपलांच्या कपाटावर किंवा माळ्यावर राउटर टांगून माणूस निघून जातो. माळ्यावर शेजारी पाण्याची टाकी किंवा स्टीलचे डबे. पाणी २.४ चं शोषण करतं आणि धातू सगळंच परतवतो. मध्ये आरसीसीचा खांब किंवा लोखंडी कपाट आलं की पलीकडे सावली पडते. तासभर खटपट करून राउटर कपाटाच्या बाजूला दीड मीटर सरकवला तरी १० डीबी मिळू शकतात, म्हणजे दहापट सिग्नल.

टीव्ही युनिटला मागून आरसा किंवा धातूचा पत्रा असेल तर कन्सोल पुढे ओढा.

खटपट्या

सांजदिवा, पीएस४ ला बाहेरची हार्ड डिस्क लावलेली आहे का?

सांजदिवा

हो, २ टीबीची. यूएसबी ३. डिस्कचा काय संबंध?

खटपट्या

थेट संबंध आहे. यूएसबी ३ च्या वायरीतून जो वेगवान डेटा जातो त्याचा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ साली यावर मोजमापांसह टिपण काढलं होतं. स्वस्त डिस्कची आखूड, कवच नसलेली वायर असली की फार. डिस्क कन्सोलला टेकून ठेवली तर अँटेना अक्षरशः शेजारी बसते.

करून बघा: डिस्क आधी सेटिंगमधून सुरक्षितपणे बंद करा, मग काढा आणि डिस्कशिवाय पिंग व खेळ तपासा. फरक पडला तर चांगल्या कवचाची वायर घ्या आणि डिस्क हातभर लांब ठेवा. डिस्क फेकायची गरज नाही.

याच गोंगाटाने कंट्रोलरही अडखळतो, कारण ब्लूटूथही २.४ मध्येच. बटण दाबल्यावर उशिरा उडी मारतो आणि लोक त्याला ‘नेट लॅग’ म्हणतात. ओळखायची खूण: नेट न लागणाऱ्या खेळातही तसंच होत असेल, आणि कंट्रोलर यूएसबी वायरीने जोडून, सेटिंगमध्ये संवाद ‘यूएसबीने’ केल्यावर थांबत असेल, तर तो नेटचा दोष नाहीच.

शून्यपिंग

एवढं कशाला, डीएनएस १.१.१.१ टाका. पिंग ३० ने कमी होतं.

लॅनलॉर्ड

नाही होत. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी वही. सामना सुरू झाला की पत्ता सापडलेला असतो, पॅकेटं त्या वहीकडे जातही नाहीत. पीएस४ वर एनडब्ल्यू-३१२५३-४ सारखा डीएनएसचा एरर येत असेल, स्टोअर उघडत नसेल, साइन-इन अडकत असेल, तर जरूर १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका. कधीकधी डाउनलोड जवळच्या सर्व्हरवरून मिळून वेग बदलतो, तोही दोन्ही दिशांना, म्हणजे कमीही होऊ शकतो.

शून्यपिंग

आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४७३? सगळ्या व्हिडिओंत सांगतात.

लॅनलॉर्ड

तो आकडा कुणी मोजून काढलेला नसतो, एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी उतरवला. मोजायचाच असेल तर विंडोजवर: पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८. उत्तर आलं तर १४७२ अधिक २८ (पॅकेटच्या मथळ्याचे बाइट) म्हणजे १५००, काही बदलायचं नाही. ‘तुकडे करावे लागतील’ असं आलं तर १४६४ करून बघा. ते चाललं तर १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२, हा पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणाऱ्या) जोडणीचा नेहमीचा आकडा. पण तो राउटरमध्ये नीट लागलेला असला की कन्सोलमध्ये हात घालायची गरज सहसा पडत नाही.

मुक्कामपोस्ट

पीएस५ आहे, राउटर दुहेरी पट्ट्याचा, हॉलमध्ये समोरच. तरी कधीकधी पूर्ण ५ गिगाहर्ट्झ मिनिटभर गायब होतं, मग आपोआप येतं. मोबाइलवरूनही त्या वेळी जातं.

चिंचोका

राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचं चॅनेल कुठलं आहे ते सांगा. माझा अंदाज ५२ ते १४४ मधलं काहीतरी.

मुक्कामपोस्ट

१००. ऑटोवर आहे.

चिंचोका

मग तेच. ५२ ते १४४ ही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारसारखी लहर ऐकू आली, खरी असो वा भास, की त्याने ते चॅनेल सोडायचं असा नियम आहे. आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बसायच्या आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत राहायचं. तुमचं ‘मिनिटभर’ इथून येतं. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं एक पक्कं करा, रुंदी ८० मेगाहर्ट्झ चालेल. शेजारी फार असतील तर ४०.

‘स्मार्ट कनेक्ट’ (दोन्ही पट्ट्यांना एकच नाव) चालू असेल तर तेही बंद करून दोन नावं वेगळी करा. राउटर कन्सोलला मधेच २.४ वर ढकलतो आणि सामन्याच्या मध्यावर दोन-तीन सेकंद तुटतं. राउटरला हात लावता येत नसेल तर पीएस५ मध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये वाय-फायचा पट्टा ‘५ गिगाहर्ट्झ’ असा पक्का करता येतो.

बाभूळबन

अमेरिकेहून कुणी आणून दिलेला कन्सोल असेल तर आणखी एक. तिथल्या उपकरणांना सहसा २.४ मधली १२ आणि १३ ही चॅनेल दिसत नाहीत. इथला राउटर ऑटोवर जाऊन १३ वर बसला की सगळ्यांच्या मोबाइलला नेट आणि कन्सोलला नावसुद्धा नाही. ११ च्या आत पक्कं करा.

कोकमसरबत

पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी पीएस४ एनडब्ल्यू-३१२९७-२ हा एरर देतो. राउटर कालच बदलला.

लॅनलॉर्ड

राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा. नवे राउटर तसेच येतात आणि पीएस४ ला ती येत नाही. ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ करा. ‘डब्ल्यूपीए२/३ मिश्र’ असा पर्याय असतो, पण जुनी उपकरणं त्यावरही रुसतात. उलट टोकाला जाऊन ‘टीकेआयपी’ मात्र निवडू नका, त्यावर वाय-फाय ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही.

कोकमसरबत

डब्ल्यूपीए३ वरच होतं. वेगळं पाहुण्यांचं नेटवर्क काढून त्याला डब्ल्यूपीए२ दिलं, जोडलं. धन्यवाद.

खटपट्या

पाहुण्यांच्या नेटवर्कवर घरातली उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. रिमोट प्ले (कन्सोलवरचा खेळ मोबाइल किंवा लॅपटॉपवरून खेळणं) वापरणार असाल तर मुख्य २.४ वरच डब्ल्यूपीए२ ठेवा आणि ५ वर डब्ल्यूपीए३ राहू द्या.

दगडफूल

राउटरचे पिंग ३ मिलिसेकंद, बाहेरचे १२, गळती शून्य. तरी मित्राच्या पार्टीत (कन्सोलवरच्या गप्पांच्या गटात) आवाज येत नाही, नॅट टाइप ३.

शून्यपिंग

डीएमझेड चालू करा, बाहेरून येणारं सगळं राउटर थेट कन्सोलकडे सोडेल.

लॅनलॉर्ड

थांबा. आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात. अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता. तिथे डीएमझेड, पोर्ट उघडणं, सगळं व्यर्थ, कारण बंद दार तुमच्या घरात नाहीच. कंपनीकडे पब्लिक आयपी मागा, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत: फायबरचा डबा आणि त्यामागे तुमचा स्वतःचा. डब्याला ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, नुसता पूल) टाकायला सांगा, किंवा तुमच्या राउटरला नुसतं वाय-फाय वाटणारा अ‍ॅक्सेस पॉइंट करा.

दोन्ही नसेल तर यूपीएनपी (कन्सोल मागेल ते पोर्ट राउटर आपोआप उघडतो) चालू करून कन्सोल पूर्ण बंद-चालू करा. नॅट टाइप २ आला की पुरे, १ च्या मागे लागू नका. एक्सबॉक्सला मुख्यतः यूडीपी ३०७४ लागतं. घरात दोन एक्सबॉक्स असतील तर दुसऱ्याला सेटिंगमधून वेगळं पोर्ट द्या.

दगडफूल

वॅन आयपी १९२.१६८.१००.२. दोन डबेच आहेत.

गुळांबा

हॉस्टेलवर वाय-फायला पासवर्डबरोबर युजरनेमही लागतं. स्विचमध्ये युजरनेमची जागाच नाही.

चिंचोका

ते डब्ल्यूपीए२-एंटरप्राइज. घरगुती कन्सोल ते बोलत नाहीत, शोधत बसू नका. खोलीत लॅनचं सॉकेट असेल तर हॉस्टेलच्या माणसाकडे कन्सोलचा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक) नोंदवा (स्विचमध्ये सिस्टम सेटिंग्ज, इंटरनेट). ओएलईडी स्विचच्या डॉकला लॅनचं भोक आहे, जुन्या स्विचला यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. सॉकेट नसेल तर लॅपटॉप हॉस्टेलच्या वाय-फायला जोडून त्यावरून हॉटस्पॉट काढा, नियमात बसत असेल तर.

बाभूळबन

दोन दुरुस्तीच्या गोष्टी. धूळ काढायला कन्सोल उघडला आणि तेव्हापासून यादीत फक्त स्वतःचा राउटर, तोही एकच दांडी, आणि कंट्रोलरही दोन मीटरवर तुटतो, तर सेटिंग शोधत बसू नका. आत अँटेनाची बारीक वायर असते, तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं गोल टिचबटण. ते जोडताना राहिलंय किंवा अर्धवट बसलंय. सरळ वरून दाबलं की ‘टिक’ होतं. तिरकं दाबलं की मोडतं.

दुसरं: लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, २-३ मिनिटं जातात. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा वाचा. १२ व्होल्ट २ अँपिअर मागणाऱ्याला १ चा दिला तर साधं काम चालतं आणि सगळे जोडले की राउटर स्वतःच रीस्टार्ट होतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही तोच आधार द्या, नुसता राउटर जागा ठेवून काय करणार?

मुक्कामपोस्ट

१४९ केलं, तीन दिवस एकदाही गेलं नाही. आता आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कन्सोलसाठी रीपीटर घेऊ का?

खटपट्या

खेळण्यासाठी नको. एका पट्ट्याचा रीपीटर एकच रेडिओ ऐकायला आणि बोलायला वापरतो, वेग निम्मा होतो आणि पिंग डगमगतो. घरात जुना राउटर पडून असेल तर त्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट करा: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद करा, आणि मुख्य राउटरच्या लॅनमधून वायर त्याच्याही लॅनमध्येच घाला, वॅनमध्ये नाही. पण वायर तिथवर नेणारच असाल तर सरळ कन्सोललाच लावा. कॅट ६, अस्सल तांब्याची. ‘सीसीए’ लिहिलेली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, ती वाकवताना तुटते.

मुक्कामपोस्ट

भिंतीतल्या पाइपात आधीची वायर आहे. इलेक्ट्रिशियनने टोकं बसवली होती. जोडली तर लॅपटॉप १०० एमबीपीएस दाखवतो, राउटर गिगाबिट आहे.

लॅनलॉर्ड

त्याने आठांपैकी चारच तारा बसवल्यात, किंवा एखादी आत पोचलेली नाही. १०० ला १, २, ३ आणि ६ पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरवायला सव्वादोन तास, गिगाबिटवर (प्लॅन तेवढा असेल तर) पाव तास. ऑनलाइन सामन्याला मात्र १०० भरपूर.

नवं टोक बसवायचं तर कनेक्टरचा खटका खाली, पितळी दात वर, वायर आपल्याकडे धरा. डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. सगळ्यात जास्त चूक चौथ्या-पाचव्याला होते, निळा हिरव्याच्या जोडीमध्ये घुसतो ते विचित्र वाटून लोक जोड्या सरळ लावतात. तारा एका रेषेत कापून, पुढच्या भिंतीला टेकलेल्या दिसल्या की मगच क्रिंप करा (पकडीने दाबून पक्कं करा). बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते.

पाइप विजेच्या वायरीचाच असेल तर मात्र ती लॅनची वायर त्यातून काढा.

मुक्कामपोस्ट

वेगळा पाइप आहे, टीव्हीच्या केबलचा. एक टोक उघडलं. तपकिरी जोडी मागे दुमडून टेप लावलीय, निळी जोडी जागेवर आहे पण सरळ लावलेली. दुसरं टोक उद्या.